पंडिता रमाबाई : उघड्या दाराची गोष्ट



आजचा लेख थोडा उशिरा लिहितेय. खरं तर तो मागच्या वर्षी ३ जानेवारीलाच लिहायला हवा होता. का नाही लिहिला, ते आधी सांगते.

बालिका दिनासाठी आम्ही चौथीच्या मुलांकडून थोर स्त्रियांवर भाषणं बसवून घेत होतो. चिठ्ठ्या टाकल्या. वर्गातल्या एका मुलीला पंडिता रमाबाई आल्या. तिनं घरी जाऊन आनंदानं सांगितलं असणार. संध्याकाळी पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एका वडिलांनी लिहिलं की ज्या बाईंनी धर्म बदलला त्यांच्यावर भाषण कशाला? लगेच दुसऱ्यांनी उलट बाजूनं लिहिलं आणि जुन्या समाजाला नको नको ते बोलले. मग एक पक्ष, दुसरा पक्ष, निवडणूक, सगळंच त्यात आलं. रात्रीपर्यंत पन्नास-साठ मेसेज. त्यातल्या एकाही मेसेजमध्ये रमाबाईंनी नक्की काय केलं, हे नव्हतं!

मी काय केलं? दुसऱ्या दिवशी त्या मुलीला दुसरी चिठ्ठी दिली. वाद नको, एवढाच विचार केला. तिचं अर्धं भाषण पाठ झालं होतं. तिनं मला विचारलं की बाई, त्यांनी काही चूक केली होती का? मला उत्तर देता आलं नाही. कारण खरं सांगायचं तर मलाही नीट माहीत नव्हतं. आमच्या डी.एड.च्या नोट्समध्ये रमाबाईंवर चार ओळी होत्या. जन्म, संस्था, पुस्तक, मृत्यू. परीक्षेपुरत्या त्या पाठ केल्या आणि विसरले.

म्हणून नंतर वाचलं. आज ते तुमच्यापुढे ठेवतेय.

बालपण : रानातली शाळा

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी पश्चिम घाटातल्या गंगामूळ या रानात झाला. हा भाग आज कर्नाटकात आहे. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे संस्कृत पंडित. त्यांनी एक गोष्ट त्या काळाच्या उलट केली. आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवलं. लोकांनी आक्षेप घेतला. पंडितांच्या सभेपुढे त्यांना उत्तर द्यावं लागलं. त्यांनी शास्त्रांचेच आधार दिले, आणि शिकवणं काही सोडलं नाही.

पुढे याच लक्ष्मीबाईंनी रमाला शिकवलं. म्हणजे वडिलांनी आईला शिकवलं आणि आईनं लेकीला. पहाटे उठून आई श्लोक सांगायची, मुलगी मागून म्हणायची. पाटी नाही, फळा नाही. बारा-पंधराव्या वर्षापर्यंत भागवताचे हजारो श्लोक तिला मुखोद्गत होते.

रमा काही महिन्यांची असतानाच कुटुंबानं घर सोडलं. कर्ज झालं होतं. त्यानंतर वर्षानुवर्षं हे लोक तीर्थयात्रा करत आणि देवळांत पुराण सांगत देशभर फिरले. मिळेल त्या दक्षिणेवर पोट. मग १८७० च्या दशकातला दक्षिणेतला भयंकर दुष्काळ आला. पुराण ऐकायला माणसं उरली नाहीत, आणि भीक मागायची या कुटुंबाला सवय नव्हती. थोड्याच महिन्यांच्या अंतरानं वडील, आई आणि मोठी बहीण गेली. आईला स्मशानात न्यायला पुरेशी माणसंही मिळेनात, म्हणून रमानं स्वतः तिरडीला डोकं दिलं. उंची कमी, खांदा पोचेना, म्हणून डोक्यावर.

पालकहो, ही गोष्ट मुलांना सांगताना माझा आवाज बसतो. पण ती गाळू नये असं मला वाटतं. पुढे केडगावला दुष्काळातल्या मुली आणणारी बाई कुठून आली, हे त्याशिवाय कळत नाही.

पंडिता आणि सरस्वती

रमा आणि भाऊ श्रीनिवास पायी फिरत राहिले. हजारो मैल. १८७८ साली ते कलकत्त्याला पोचले. तिथल्या विद्वानांनी तिची परीक्षा घेतली आणि तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. वय अवघं वीस! ब्राह्मो समाजाचे केशवचंद्र सेन यांनी तिला वेद वाचायला सांगितलं आणि प्रतही दिली. स्त्रियांनी वेद वाचू नयेत असं लहानपणापासून ऐकलेलं. तरी तिनं वाचले. जितकं वाचत गेली तितके प्रश्न वाढत गेले. शास्त्रांत बाईला आणि शूद्राला जागा कुठे आहे, हा त्यातला मोठा प्रश्न.

१८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधवी या बंगाली वकिलाशी लग्न केलं. जात वेगळी, भाषा वेगळी, प्रांत वेगळा. नोंदणी पद्धतीचं लग्न. आसामातल्या सिल्चरला संसार थाटला. १८८१ मध्ये मुलगी झाली, मनोरमा. आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये बिपिनबाबू पटकीनं गेले. वीस महिन्यांचाही संसार नाही.

तेविसाव्या वर्षी विधवा, कडेवर दहा महिन्यांची मुलगी, माहेर नाही, सासर नाही. अशा अवस्थेत त्या पुण्याला आल्या.

पुणे, १८८२

पुण्यात न्यायमूर्ती रानडे आणि त्यांच्या सुधारक मित्रांनी त्यांचं स्वागत केलं. रमाबाईंनी आर्य महिला समाज स्थापन केला. आपल्या दुसऱ्या रमाबाई, म्हणजे रानड्यांच्या पत्नी, या सभांना जात. त्या सभांना जातात म्हणून रानड्यांच्या घरातल्या बायकांनी त्यांना किती बोललं, ते त्यांच्या आठवणींत वाचायला मिळतं.

त्याच वर्षी सरकारचा शिक्षण आयोग आला. त्याला आपण हंटर आयोग म्हणतो. डी.एड. केलेल्या सगळ्यांना तो पाठ असेल! या आयोगापुढे रमाबाईंनी साक्ष दिली. त्यांनी सांगितलेल्या दोन गोष्टी अगदी साध्या होत्या. मुलींना शिकवायला स्त्री शिक्षिका तयार करा. आणि बायकांवर उपचार करायला स्त्री डॉक्टर तयार करा, कारण बायका पुरुष डॉक्टरला आजार सांगत नाहीत आणि तशाच मरतात.

आपल्यालाही डॉक्टर व्हावं असं त्यांना वाटू लागलं. त्यासाठी विलायतेला जायला हवं. पैसे कुठले? 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक लिहिलं आणि त्याच्या विक्रीतून भाडं जमवलं. लक्षात घ्या, कोणाच्या पैशानं धर्म बदलायला गेल्या असं सांगतात, त्यांनी हा हिशेब पाहावा. १८८३ मध्ये मनोरमाला घेऊन त्या बोटीनं निघाल्या.

धर्म बदलला, तो कसा?

आता त्या ग्रुपवरच्या भांडणाच्या मुद्द्याकडे येते.

इंग्लंडमध्ये वाँटेज या गावी सेंट मेरी मठातल्या भगिनींकडे त्या राहिल्या. या भगिनींचं एक घर लंडनजवळ फुलहॅमला होतं. समाजानं वाईट ठरवून टाकून दिलेल्या स्त्रियांना तिथे आसरा मिळे. त्यांच्यावर उपचार होत, त्यांना काम शिकवलं जाई आणि मुख्य म्हणजे प्रेमानं वागवलं जाई. रमाबाईंनी आपल्याकडे अशा बाईसाठी फक्त शिक्षा पाहिली होती. हे प्रेम कुठून येतं, असं त्यांनी विचारलं. भगिनींनी त्यांना बायबलमधली येशू आणि शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखवली. विहिरीवर पाणी भरायला आलेली, लोकांनी नाव ठेवलेली बाई. येशू तिच्याकडे पाणी मागतो आणि तिच्याशी देवाधर्माचं बोलतो. रमाबाईंच्या मनाला ती कथा लागली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी आणि मनोरमानं बाप्तिस्मा घेतला.

महाराष्ट्रात खळबळ झाली. ज्यांनी डोक्यावर घेतलं होतं त्यांनाही धक्का बसला. जोतीराव फुले यांनी मात्र १८८५ च्या 'सत्सार' मध्ये त्यांची बाजू घेतली. एवढी शिकलेली बाई विचार करून निर्णय घेते, यात चुकलं काय, असा त्यांचा रोख होता.

आता याची दुसरी बाजू, जी आपण सांगतच नाही. धर्म स्वीकारला म्हणून रमाबाई तिथल्या लोकांच्या हो ला हो करणाऱ्या झाल्या का? मुळीच नाही. त्या शाकाहारीच राहिल्या. पांढरं सुती लुगडं सोडलं नाही. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरं कशाला, आपली संस्कृत काय वाईट, असा वाद त्यांनी घातला. मुलग्यांना शिकवायची संधी आली, तेव्हा बाईनं तरुण मुलांना शिकवणं बरं नाही असं बिशप म्हणाले. रमाबाईंनी बिशपांनाही खरमरीत उत्तर पाठवलं. धर्मगुरूंनी सांगितलं म्हणून एखादं तत्त्व मान्य करायचं हे त्यांना पटेना. स्वतः वाचीन, स्वतःच्या बुद्धीला पटेल तेवढं मानीन, हा हट्ट. ज्यांच्या घरी अन्न खात होत्या त्यांच्यापुढे हे बोलायचं म्हणजे धैर्य लागतं.

म्हणजे बघा, पुण्यातले लोक त्यांना परक्यांच्या झाल्या म्हणत होते आणि विलायतेतल्या भगिनींना त्या हट्टी, गर्विष्ठ वाटत होत्या. दोन्हीकडून बोलणी!

डॉक्टर होण्याचं स्वप्न मात्र मोडलं. त्यांना कमी ऐकू यायला लागलं होतं. मग चेल्टनहॅमच्या महिला कॉलेजात त्यांनी संस्कृत शिकवलं आणि स्वतः गणित, विज्ञान, इंग्रजी शिकल्या.

अमेरिका आणि बालवाडी

१८८६ मध्ये त्या अमेरिकेला गेल्या. निमित्त फार गोड होतं. त्यांच्या नात्यातल्या आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियाला डॉक्टर होत होत्या. ११ मार्च १८८६ रोजी त्या पदवीदान समारंभाला रमाबाई हजर होत्या. आपल्याला जे जमलं नाही ते दुसरीला जमलं, याचा आनंद मानणारी माणसं थोडी असतात.

थोड्याच दिवसांसाठी गेलेल्या रमाबाई तिथे दोन वर्षांहून जास्त राहिल्या. गावोगाव व्याख्यानं दिली. १८८७ मध्ये हिंदू उच्चवर्णीय स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. बोस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. भारतात विधवांसाठी शाळा काढा, दहा वर्षं खर्च आम्ही देऊ, असं तिनं कबूल केलं. अट एक : शाळेत कोणत्याही धर्माचा प्रचार होणार नाही.

आपल्यासारख्या प्राथमिक शिक्षकांना आवडेल अशी एक गोष्ट इथे आहे. अमेरिकेत त्यांनी फ्रोबेलची किंडरगार्टन पद्धत शिकून घेतली. खेळ, वस्तू, चित्रं यांतून शिकवणं. आपण आज ज्याला कृतियुक्त अध्ययन म्हणतो, तेच की! नुसत्या पाठांतरावर वाढलेल्या बाईनं हे शिकायला घेतलं, याचं मला फार कौतुक वाटतं.

शारदा सदन आणि ते उघडं दार

११ मार्च १८८९ रोजी मुंबईला चौपाटीजवळ शारदा सदन सुरू झालं. पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. हे नाव ओळखीचं वाटतं ना? याच पुढे महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी झाल्या, आपल्या बाया कर्वे. ११ मार्च १८९३ ला त्यांचं लग्न झालं. कर्व्यांच्या हिंगण्याच्या कामाचं एक मूळ या सदनात आहे, हे मुलांना जरूर सांगा.

१८९० मध्ये सदन पुण्याला आलं. रानडे, भांडारकर यांच्यासारखी मोठी माणसं सल्लागार होती. मुलींना आपापले धार्मिक आचार पाळायला मोकळीक होती. सोवळ्याचा स्वयंपाक वेगळा. पण केशवपन केलेल्या दहा-बारा वर्षांच्या मुलींना इथे पहिल्यांदाच कोणी जवळ घेत होतं, केस वाढवू देत होतं, पुस्तक देत होतं.

आता त्या वेळचं पुणं डोळ्यांपुढे आणा. १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा आला. मुलीचं संमतीचं वय दहावरून बारा करायचं. आज ऐकून अंगावर काटा येतो, पण त्यावरून अख्खं पुणं दुभंगलं होतं. एका बाजूला सुधारक. दुसऱ्या बाजूला परक्या सरकारनं आमच्या घरात हात घालू नये म्हणणारे लोकमान्य टिळक आणि त्यांचे अनुयायी. वर्तमानपत्रं रोज एकमेकांवर तुटून पडत. १८९५ ला पुण्यात काँग्रेसचं अधिवेशन भरलं, तेव्हा त्याच मंडपात सामाजिक परिषद भरू द्यायची की नाही यावरून केवढी भांडणं झाली, शेवटी रानड्यांनी परिषद दुसरीकडे नेली.

अशा वातावरणात पुण्याच्या मध्यभागी एक ख्रिस्ती बाई, परदेशी पैशावर, ब्राह्मण विधवांची शाळा चालवते! संशय येणारच. आणि 'केसरी'नं तो जोरात मांडला.

झालं असं होतं. रमाबाई रोज पहाटे आपल्या खोलीत प्रार्थना करत. मुलगी जवळ असे. खोलीचं दार उघडं असे. काही मुली आपण होऊन येऊन बसू लागल्या. आरोप झाला की सदनात छुपा धर्मप्रचार चालतो. सल्लागारांनी सांगितलं की प्रार्थनेच्या वेळी दार लावून घ्या आणि मुलींना येऊ देऊ नका.

रमाबाईंनी नकार दिला. त्यांचं म्हणणं असं की मी कोणाला बोलावत नाही. हिंदू मुलींना त्यांची पूजा करायला मी अडवत नाही, मग मी माझी प्रार्थना चोरून का करू? आणि मोकळ्या घरात जी मुलगी आपल्या मनानं येते, तिला दार लावून बाहेर का ठेवू?

१८९३ मध्ये रानडे, भांडारकर यांनी राजीनामे दिले आणि आपला या संस्थेशी संबंध नाही असं जाहीर केलं. पालकांनी वीस-पंचवीस मुली काढून नेल्या. त्यातल्या कित्येक पुन्हा त्याच अंधाऱ्या माजघरात गेल्या असतील. या वादाची खरी किंमत कोणी दिली, ते इथे कळतं. ना टिळकांनी, ना रानड्यांनी, ना रमाबाईंनी. त्या मुलींनी.

इथे मला दोन्ही बाजू सांगायच्या आहेत, कारण आपण शिक्षक आहोत. रानडे, भांडारकर हे काही भित्रे नव्हते. पालकांना तटस्थतेचा शब्द दिला गेला होता. आठ-दहा वर्षांच्या पोरीवर आवडत्या बाईंच्या वागण्याचा परिणाम होतोच. आपण वर्गात कोणत्या रंगाची साडी नेसून गेलो तेही मुलींच्या लक्षात असतं! त्यामुळे त्यांची काळजी खोटी नव्हती. पुढे सदनातल्या काही मुली ख्रिस्ती झाल्या हेही खरं आहे. टिळकांना परक्या सत्तेबरोबर येणाऱ्या मिशनऱ्यांबद्दल जी शंका होती तीही समजण्यासारखी आहे. आणि तरीसुद्धा, स्वतःची श्रद्धा लपवून काम चालू ठेवणं सोपं असताना रमाबाईंनी ती लपवली नाही, हे मला मोठं वाटतं. दार लावून घेतलं असतं तर राजीनामे टळले असते. पण मुलींनी बाईंना खोटं वागताना पाहिलं असतं.

बोस्टनच्या संस्थेनं मात्र आपला दहा वर्षांचा शब्द पाळला.

दुष्काळ, प्लेग आणि सरकारशी भांडण

१८९६ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. बातम्या वाचून रमाबाईंना झोप लागेना. उपाशी मुलींचं काय होतं, हे त्यांना पुस्तकातून शिकायचं नव्हतं. त्या स्वतः गेल्या आणि सुमारे तीनशे मुली घेऊन आल्या. तेवढ्यात पुण्यात प्लेग आला. शहरात एवढ्या नव्या मुली ठेवायला बंदी झाली. पुण्याजवळ दौंड तालुक्यात केडगावला रमाबाईंनी शंभर एकर जमीन घेऊन ठेवली होती. माळरान. सुरुवातीला तंबू, मग झोपड्या, मग विहिरी, मग इमारती. असं मुक्ती सदन उभं राहिलं.

याच वेळी घडलेला एक प्रसंग पाठ्यपुस्तकात नाही. १८९७ मध्ये प्लेगच्या बंदोबस्तात सरकारी छावण्यांत आणि दवाखान्यांत स्त्रियांचे फार हाल होत होते. सदनातल्या एका मुलीच्या बाबतीत जे घडलं त्यानं रमाबाई हादरल्या. त्यांनी 'बॉम्बे गार्डियन' या इंग्रजी पत्रात पत्र लिहून जाहीर तक्रार केली. खाली स्वतःचं नाव घातलं. प्रकरण ब्रिटिश संसदेपर्यंत गेलं. मुंबईच्या गव्हर्नरनं आरोप नाकारले.

त्या वेळी पुण्यात तोंडानं तक्रार करणारे खूप होते, पण नावानिशी पुढे यायला कोणी तयार नव्हतं. पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे इंग्लंडमध्ये बोललेल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांना तर पुरावा न मिळाल्यानं त्याच वर्षी जाहीर माफी मागावी लागली. अशा वेळी जिला लोक इंग्रजांच्या धर्माची म्हणून हिणवत होते, ती बाई इंग्रज सरकारविरुद्ध उभी होती. मग सांगा, रमाबाई कोणाच्या बाजूच्या?

त्या आजारी, उपाशी, टाकलेल्या मुलीच्या बाजूच्या होत्या. एवढं सोपं उत्तर आहे. समोर पुण्याचे शास्त्री असोत, विलायतेचे बिशप असोत की गव्हर्नर असोत, त्यांनी बाजू बदलली नाही.

मुक्ती सदनातलं जग

१९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर केडगावात मुली आणि स्त्रियांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. आपल्याला चाळीस मुलांचा वर्ग सांभाळताना घाम फुटतो! आता जात विचारली जात नव्हती. शाळा होतीच, शिवाय विणकाम, शिवणकाम, शेती, दूधदुभतं, तेलघाणा, छापखाना. छापखान्यात खिळे जुळवण्यापासून सगळं काम बायका करत. अंध मुलींना मनोरमाबाई ब्रेल शिकवत. आणि समाजानं वाईट ठरवलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन होतं. फुलहॅमला पाहिलेलं घर रमाबाईंनी केडगावच्या माळावर उभारलं.

या काळात त्यांची श्रद्धा अधिक खोल झाली. आपल्याला आधी नुसता ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त नंतर भेटला, अशा अर्थाचं त्यांनी पुढे लिहून ठेवलं आहे. शारदा सदनातली जुनी तटस्थता केडगावला उरली नाही. मुक्ती हे उघडपणे ख्रिस्ती घर होतं. ज्यांना हे खटकतं त्यांचं खटकणं मी समजू शकते. पण त्यांनी ते कधी लपवलं नाही, हेही नोंदवायला हवं.

शेवटचं मोठं काम भाषेचं. मराठी बायबलची भाषा संस्कृतप्रचुर, खेड्यातल्या बाईला न कळणारी. संस्कृतची ही पंडिता म्हणाली की साध्या मराठीत करायला हवं. त्यासाठी उतारवयात त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. ऐकू येत नाही, प्रकृती साथ देत नाही, तरी वर्षानुवर्षं भाषांतर चालू. १९१९ मध्ये सरकारनं कैसर-ए-हिंद सुवर्णपदक दिलं.

मनोरमाबाई बी.ए. होऊन आईचा उजवा हात झाल्या होत्या. २४ जुलै १९२१ रोजी त्या गेल्या. आई मागे राहिली. रमाबाईंनी भाषांतर तरीही पुरं केलं आणि ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावला देह ठेवला. त्यांचं बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झालं. १९८९ मध्ये भारत सरकारनं त्यांच्या नावानं टपाल तिकीट काढलं. मुक्तीचं काम केडगावला आजही चालू आहे.

मुलांना काय सांगायचं?

मित्रांनो, मला वाटतं मुलांना रमाबाईंचा धर्म चांगला की वाईट हे शिकवायचं नाहीच. ते आपलं काम नाही. श्रद्धा माणसाला काय करायला लावते, ते दाखवायचं. कोणाची श्रद्धा दुसऱ्याला शिवी द्यायला लावते. रमाबाईंच्या श्रद्धेनं त्यांना दुष्काळात बैलगाडीत बसवलं, दोन हजार ताटं वाढायला लावली.

दुसरं, राजकारणात लोक दोन गटांत वाटले जातात तेव्हा प्रत्येकाला विचारतात, तू आमचा की त्यांचा? मुलंही ते घरून ऐकून येतात. अशा वेळी तिसरा प्रश्न विचारायला शिकवू या : इथे मदत कोणाला हवी आहे?

आणि तिसरं मला स्वतःला. दार लोटून घेणं सोपं असतं. मी मागच्या वर्षी तेच केलं. चिठ्ठी बदलली.

ती मुलगी आता पाचवीला दुसऱ्या शाळेत गेली. परवा बाजारात आईबरोबर भेटली. मी तिला सांगितलं की रमाबाईंनी काही चूक केली नव्हती, चूक माझी होती. ती हसली आणि तिथेच भाजीच्या गाड्यापाशी तिनं ते अर्धं भाषण म्हणून दाखवलं. विसरली नव्हती! तिची आई बघतच राहिली. उरलेलं अर्धं लिहून द्या, असं ती म्हणाली. म्हणून हा लेख.

यंदाच्या चिठ्ठ्यांत पंडिता रमाबाईंचं नाव पुन्हा घातलं आहे.

वर्गात घेण्यासारखं

१. नकाशावर गंगामूळ, कलकत्ता, सिल्चर, पुणे, मुंबई, केडगाव दाखवा. रेल्वे-मोटारीशिवाय पायी किती दिवस लागतील याचा अंदाज मुलांना करू द्या.

२. आईनं शिकवलेली एक गोष्ट प्रत्येकानं सांगायची. पाठ्यपुस्तकातली नको, घरातली.

३. दोन गट करा. एकानं दार लावावं असं म्हणणाऱ्या सल्लागारांची बाजू मांडायची, दुसऱ्यानं रमाबाईंची. मग गटांची अदलाबदल करा. मुलांना गंमत वाटते आणि दुसऱ्याच्या जागी उभं राहणं कळतं.

४. पाठातला एक अवघड परिच्छेद घ्या आणि आजीला कळेल अशा मराठीत लिहायला सांगा.

पालकहो, तिसरा उपक्रम घरीही करून बघा. आणि जमलं तर मोठ्यांच्या ग्रुपवरसुद्धा!